ब्याऐंशी किलो

मोटार चालते तशी. पण हिल्ये म्हणाली, नको,
विजेच्या हवेला दम लागत नाही,
आणि ज्याला दम लागत नाही त्याच्याबरोबर
मला वाजवता येत नाही.
म्हणून मी.
राइंट बोल्हाउस, वय एकाहत्तर, गाई विकून मोकळा,
ऑर्गनच्या पाठीमागच्या लाकडी खोपटात.
तीन भाते, तीन दांडे, धरायला एक दोर.
डॉक्टर म्हणतात, वजन उतरवा.
हिल्ये म्हणाली, शनिवारनंतर.

इथून दिसतं ते एवढंच, फळीतल्या गाठीच्या भोकातून:
ब्रेमेनच्या ट्रम्पेटवाल्याचं टक्कल,
ओबोवाल्या पोरीचं कोपर,
आणि गाणारीच्या पाठीचा हिरवा पट्टा.
रॉटरडॅमहून आलीय ती, ऑर्सीन केन्समिल.
दुपारी मला विचारत होती,
इथं नेहमी एवढी थंडी असते का?
म्हटलं, नाही, आज चर्च तापवलंय.

दांड्यावर चढायचं, अंग टाकायचं.
दांडा खाली जातो, भाता उठतो
आणि पाय काढला की सावकाश बसत जातो
रवंथ करायला टेकणाऱ्या गाईसारखा.
बारीक नळ्या चिमणीएवढं टिपतात.
खर्जाच्या नळ्या पखालभर पितात,
दुसऱ्यावर चढेपर्यंत पहिला रिकामा.
सूर मला कळत नाहीत.
त्यांची भूक कळते.

फळ्यांवर माझ्या आधीच्यांनी कोरून ठेवलंय:
एप्पो. टामो, १८११, बोटं गोठली.
एकानं नावच नाही लिहिलं, नुसतं:
प्रवचन लांबलं.

तिसऱ्या बाकावर माझा भाऊ आहे, सिक्को.
दिसत नाही. आत येताना खोकला, त्यावरून कळलं.
नऊ वर्षं झाली.
शेताखालून गॅस काढला, जमीन हलली,
घराला भेग गेली, भेगेचे पैसे आले.
मग कुणाची भिंत, कुणाची भेग.
माझ्याकडून काहीही घेणार नाही म्हणाला होता.
आता जे त्याच्या कानात जातंय
ते आधी माझ्या पायाखालून गेलंय.
हे त्याला सांगणार कोण.

शेवटच्या तुकड्यात सगळे एकदम होते,
ट्रम्पेट, ओबो, ती,
आणि हिल्येनं सोळा फुटी खर्ज उघडला.
माझ्या खालचे तिन्ही दांडे एकदम हलके झाले.
शिशात बसवलेल्या काचा किणकिणल्या,
आणि उत्तरेच्या भिंतीतून मूठभर चुना
ब्रेमेनच्या टकलावर.

सगळं गाव वर बघायला लागलं असणार.
बघायची गरज नाही मला, आमची सवयच ती:
आधी छत, मग एकमेकांकडे,
मग अर्ज भरायला बसायचं.
हिल्येचे हात थांबले. ट्रम्पेट थांबलं, ओबो थांबला.
गाणारीला बिचारीला काय माहीत.
श्वास घेऊन झाला होता तिचा,
ती गात राहिली,
एकटी, दोन्ही बाजूंना काही नसलेल्या पुलावरून
चालल्यासारखी.
आणि तिच्या खाली एकच आवाज,
कर्र. कर्र.
मला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

मग तिसऱ्या बाकावरून, आमच्या बोलीत, भलत्याच मोठ्यानं:
"हादरा नाही रे. आमचा राइंट आहे."

हसले लोक. चर्चमध्ये इतकं हसलेलं
मी कधी ऐकलं नाही.
हिल्येनं कुठून उचललं ठाऊक नाही,
पण नळ्या पुन्हा प्यायला लागल्या
आणि मी चढत राहिलो, उतरत राहिलो,
गुडघा ओरडत होता तरी,
आणि तो एक शब्द दोन दांड्यांच्या मधे
सारखा पायाखाली येत होता.
"राइंट" नव्हे. त्याच्या आधीचा.

टाळ्या चालू असताना भाते एकेक करून बसले.
बूट शोधले, कोट चढवला,
घाम गार व्हायच्या आत बाजूच्या दारानं निघालो.
समुद्रबांधावरून वारा.
त्याची गाडी गेलेली.
माझ्या गाडीच्या काचेवर बोटभर बर्फ,
आणि चालवणाऱ्याच्या बाजूचा
तेवढा खरवडलेला,
कडेला ओबडधोबड,
घाईत असल्यासारखा.